दुसऱ्या प्रकरणातली शांत गल्ली

मंगळवारी सकाळी सुधा गेली. तिच्या टेबलावर कादंबरीची अठरा प्रकरणं होती. एकोणिसावं नव्हतं.

सुधा माझी बायको. ती रहस्यकथा लिहायची. मी मुद्रितशोधक, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि स्वल्पविराम नीट करण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्यात तिचीही पुस्तकं होती. आमच्या घरी एक रीत पडून गेली होती. शेवटचं प्रकरण वाचायला देण्याआधी ती विचारायची, "बोला, कोणी केला?" मी नाव सांगायचो. ते चुकायचं. मग ती खूश होऊन चहा टाकायची आणि उरलेले कागद माझ्या हातात द्यायची.

या कादंबरीत अंबादास शिरसाठ नावाचा निवृत्त फौजदार आपल्याच हातून न सुटलेलं एक जुनं प्रकरण पुन्हा उघडतो. येवल्यात एकनाथ नावाचा पैठणी विणणारा सकाळी मागावर बसलेला सापडतो. हातात आडवा दोरा टाकायचा धोटा, आणि गळा आवळलेला. आदल्या दिवशी घरात कार्य झालेलं असतं. त्याला आलेले तीन पाहुणे सकाळी आपापल्या वाटेने गेलेले असतात. एक धाकटा भाऊ, एक जावई आणि एक भाचा. पाहुणे गेल्यावर एकनाथ कामाला बसला आणि नंतर कोणीतरी येऊन त्याला मारलं, असं पोलीस धरतात. पाहुणे सुटतात. खुनी सापडत नाही. अठराव्या प्रकरणाच्या शेवटी शिरसाठ तिघांना त्याच घरात बोलावतो आणि म्हणतो, "बसा. मला आता कळलंय." पुढे कागद कोरा.

प्रकाशकांकडची संपादक केतकी घरी आली तेव्हा तिने दुसऱ्या प्रकरणाभोवती पेन्सिलने मोठं वर्तुळ काढलं होतं. त्या प्रकरणात खुनाच्या सकाळचं वर्णन आहे. गल्लीत आवाज नाही. माणसं ओट्यावर बसून गप्पा मारताहेत, पोरं न्हाऊन तेल लावून हिंडताहेत. आणि तिसऱ्या प्रकरणात एकनाथ मागावर.

"काका, मावशींनी लिहिलंय की गल्लीत एकही माग वाजत नव्हता. मग एकनाथचा माग चालू होता तो कोणालाच ऐकू कसा आला नाही? शेजारी तर भिंतीला भिंत आहे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना तेव्हा बरं नव्हतं ना."

बरं नव्हतंच. डोक्यातल्या गाठीमुळे सुधाचे शब्द हरवत चालले होते. नळाला ती खिडकी म्हणायची. एकदा कधीच गेलेल्या आपल्या आईसाठी तिने ताट वाढलं. पण रोज सकाळी ती टेबलाशी बसायची, आणि तिथे बसलेली सुधा मला नेहमीचीच वाटायची. मला तसं वाटणं आणि ते खरं असणं यात अंतर असू शकतं, हे मी जाणून होतो.

केतकीने महिनाभराची मुदत दिली. नंतर दुसरं प्रकरण बदलायचं आणि शेवट दुसऱ्या एका लेखकाकडून लिहून घ्यायचा. मला शेवटाची तितकी काळजी नव्हती. ते शांत गल्लीचं प्रकरण आजाराने लिहिलं की सुधाने, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी नाशिकला निघालो.

नाशिकरोड

नाशिकलाच का, तर सुधाचे पोलिसातले गुरू तिथे राहतात. निवृत्त पोलीस निरीक्षक बोरस्ते. पंचनामा कसा लिहितात, प्रेत किती वेळात ताठरतं, असले प्रश्न ती त्यांना फोनवर विचारायची. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्टेशनबाहेर एक उंच, पोट सुटलेला गृहस्थ जुन्या मारुतीला टेकून उभा होता. त्यांनी माझी पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, "या दाजी."

पुण्यात मला आजवर कोणी दाजी म्हटलं नव्हतं. तिकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. सुधा त्यांची ताई, म्हणून मी दाजी. नातं जोडायला त्यांना एवढं पुरलं, आणि पुढचे तीन दिवस हॉटेलातले वेटर आणि पंक्चर काढणारासुद्धा त्यांचं ऐकून मला दाजी म्हणू लागले.

अठरा प्रकरणांची प्रत मी त्यांना आधीच पाठवली होती. त्यांनी ती फाइलीसारखी दोऱ्याने बांधली होती. घरी पोचल्यावर चष्मा लावून त्यांनी ती समोर घेतली.

"दाजी, तपास कच्चा आहे. ताईंच्या शिरसाठने पाहुण्यांना सोडलं कसं? मी असतो तर तिघांनाही चहा पाजून दोन दिवस बसवून ठेवलं असतं."

"चहा पाजून?" आतून बोरस्तेवहिनी म्हणाल्या. "यांनी उभ्या आयुष्यात कोणाला स्वतःच्या पैशाने चहा पाजला नाही."

"ऐका. अन् दुसरी गोष्ट, एवढी वर्षं जीपमध्ये बसून ह्या शिरसाठला मूळव्याध नाही. खरा फौजदार नाहीच हा."

"तुमची मूळव्याध पुस्तकात घालायची राहिली म्हणून रुसलाय का?" वहिनींनी विचारलं.

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, त्यामुळे चेहऱ्याला जरा जड गेलं.

निवृत्तीनंतर बोरस्त्यांच्या वाट्याला फक्त सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं आली होती. आता खून मिळाला होता. त्यांनी दौरा आखून ठेवला होता: जावई एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला, म्हणून आधी एकलहरे, मग येवला, घटनास्थळ, मग मालेगाव, कारण भाचा दीपक लहानपणापासून तिथे वाढलेला, तिथल्याच यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम झालेला.

"पण ही माणसं नाहीतच," मी म्हणालो.

"माणसं नसली तरी जागा आहेत ना? आरोपी खोटं बोलतो दाजी, जागा बोलत नाही."

तपासाची सुरुवात मिसळीने झाली. पुण्यात मिसळ एका ताटलीत येते. इथे ताटच आलं: मटकी वेगळी, शेव वेगळी, दही, पापड, कांदा, आणि काळपट रश्शाची वाटी. रस्सा किती घ्यायचा हे खाणाऱ्यावर सोडलेलं. बोरस्ते म्हणाले, "ओता, ओता, लाजू नका." मी ओतला. मला उचकी लागली ती एकलहरे आलं तरी थांबली नाही.

तिथल्या वीज केंद्राच्या चिमण्या बऱ्याच लांबून दिसायला लागतात. फाटकावरच्या रखवालदाराने आम्हाला अडवलं. बोरस्ते जुन्या सवयीने म्हणाले, "खुनाच्या तपासाला आलोय."

"कोणाचा खून?"

"पुस्तकातला."

रखवालदाराने आम्हा दोघांकडे नीट पाहिलं. "मग पुस्तकात जा ना साहेब. इकडं कुठं?"

मी उचकी देत परत गाडीत बसलो. तरी बोरस्त्यांनी एक गोष्ट टिपलीच. ते म्हणाले, "जावई मूळचा येवल्याचाच. बापाचा माग होता, तो सोडून इथं नोकरीला आला. सहाव्या प्रकरणात आहे. सासऱ्याच्या घरावर डोळा. जावईच आहे दाजी, लिहून घ्या." मला तो धाकटा भाऊ वाटत होता. तो गल्लीच्या टोकाला राहतो आणि स्वतःही विणतो. पण मी नाव घेतलं नाही. माझी नावं नेहमी चुकतात.

येवला

निफाडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी द्राक्षांचे मांडव होते. विंचूरच्या आसपास कांद्याचे ट्रॅक्टर लागले, एकामागे एक, आणि त्यांच्या मागे आम्ही. काच वर केली तरी कांद्याचा वास आत येत होता. एका ट्रॅक्टरच्या मागे गाडी पंक्चर झाली. ते काम उरकेपर्यंत मी एका बांधावर बसून दुसरं प्रकरण पुन्हा वाचलं. त्यात चूक असेल तर ती कुठल्या वाक्यात शिरली, हे मला शोधायचं होतं. मुद्रितशोधकाला आजारी माणसाचं वाक्य ओळखू येतं. कर्ता एकीकडे आणि क्रियापद भलतीकडे जातं. तसं एकही वाक्य नव्हतं.

येवल्यात सुधा आदल्या हिवाळ्यात एकटी येऊन गेली होती, मी नको म्हणत असताना. सिंधूताई आणि भगवानराव या विणकर जोडप्याकडे ती उतरली होती. त्यांचा पत्ता मला ठाऊक होता. पैठणीच्या गल्लीत माग पाहायला मिळणार, फटफट ऐकायला मिळणार, म्हणून मी जरा उत्सुक होतो.

गल्लीत आवाज नव्हता.

माणसं ओट्यावर बसली होती. एक म्हातारा पाय पसरून पेपर वाचत होता. न्हाऊन भांग पाडलेली दोन पोरं चिंचोक्यांनी खेळत होती. कुठल्यातरी घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. मी मधोमध उभा राहिलो. हे सगळं मी तासाभरापूर्वी वाचलं होतं.

"बंद आहे वाटतं सगळं," बोरस्ते वैतागून म्हणाले. "एवढं पेट्रोल जाळून आलो."

सिंधूताई दारात आल्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि आम्हाला आत नेलं. पुढच्याच खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला माग होता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, तशी त्याची जागा. मागावर अर्धा विणलेला पदर होता, मोराची मान तेवढी झालेली. माग पुसून त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, पुढ्यात नारळ.

"चुकीच्या दिवशी आलात भाऊ," भगवानराव म्हणाले. "आज आमुशा. आमुशेला माग नाय चालत."

"कोणाचाच?"

"कोणाचाच नाय. बाप-आज्यापासून आहे. म्हैनाभर पाठ मोडायची, अन् आमुशेला मागाला सुट्टी, आम्हाला बी सुट्टी."

"यांची सुट्टी," सिंधूताई म्हणाल्या. "माझं पुरण कोण वाटतं?"

बोरस्ते हसले. मी हसलो नाही. पहिल्या प्रकरणात पाहुणे अंधारात कंदील घेऊन जेवायला येतात, आणि सुधाने एवढंच लिहिलं होतं की त्या रात्री चंद्र नव्हता. त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत अमावास्या होती, पण तो शब्द तिने कुठेही वापरला नव्हता. वाचकाच्या समोर ठेवायचं आणि नाव घ्यायचं नाही, हीच तिची पद्धत होती.

मी विचारलं, "आणि समजा, अमावास्येला कोणी बसलंच मागावर तर?"

सिंधूताई एकदम माझ्याकडे पाहू लागल्या. "अगं बाई. ताईंनी पण हेच विचारलं होतं."

"कधी?"

"त्या आल्या तवा पण आमुशाच होती. आधी रुसल्या, दिवस वाया गेला म्हणून. मग हितंच बसल्या, तुम्ही बसलात तिथं. तो धोटा दाखवून म्हणल्या, 'समजा, आज कोणी हा चमचा हातात घेतला तर?' आम्ही हसलो, धोट्याला चमचा म्हणल्या म्हणून. त्या बी हसल्या. म्हणल्या, 'शब्द गेलाय हो, तुम्ही समजून घ्या.' पण प्रश्न काही सोडला नाही."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. भगवानराव म्हणाले, "बसत नाय कोणी. पण बसला, अन् त्याला काही बरं-वाईट झालं, तर घरातले बाहेर बोलायचे नाय. लोक म्हणतील, नको त्या दिवशी बसला, ओढवून घेतलं. पुढं पोरीबाळींची लग्नं असत्यात. मग झाकून ठेवायचं."

चौथ्या प्रकरणात एकनाथची विधवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते: "बसायला नको होतं त्यांनी." केतकीने त्याखाली लिहिलं होतं, 'कुठे? संदर्भ नाही.' मीही ते दुःखातलं बोलणं समजलो होतो.

बोरस्ते आता सरळ बसले होते. "थांबा दाजी. म्हणजे तो विणत नव्हताच."

"विणणं शक्यच नव्हतं. त्याला मारून कोणीतरी नंतर तिथे बसवला. पाहुणे गेल्यावर तो कामाला बसला असं दिसावं म्हणून."

"अन् घरच्यांना वाटलं, यानं आमुशा मोडली. म्हणून ते गप्प." बोरस्त्यांनी मांडीवर थाप मारली. "अन् पोलीस बाहेरगावचे. त्यांना काय, माग म्हणजे रोजचं काम. खरं सांगू? मी असतो तरी विचारलं नसतं. पंचनाम्यात तिथी नसते, तारीख असते."

केतकीला जो गोंधळ वाटला होता, तो खुन्याने केला होता. सुधाने तो फक्त जसाच्या तसा मांडला होता. सिंधूताईंनी न विचारता माझ्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं आणि वर तुपाची धार सोडली. आमच्याकडे गुळवणी वेगळ्या वाटीत देतात. इथे पोळीबरोबर आमटी आली, झणझणीत, मसाल्याची. गोड आणि तिखट एकाच घासात. मी दोन पोळ्या खाल्ल्या. सुधा गेल्यापासून मी कुठेच नीट जेवलो नव्हतो.

"ताईंनी तीन खाल्ल्या होत्या," सिंधूताई म्हणाल्या.

मालेगाव

मनमाडकडे जाताना अंकाई आणि टंकाई हे दोन जुळे डोंगर दिसतात, आणि पुढे आकाशात बोट वर केल्यासारखा एक सुळका. बोरस्ते त्याला हडबीची शेंडी म्हणाले. मला ते नाव आवडलं. पण त्यांचं लक्ष बाहेर नव्हतं.

"ज्याला आमुशेची सुट्टी माहीत नाही, त्यानंच त्याला मागावर बसवला," ते म्हणाले. "भाऊ स्वतः विणकर, त्याला माहीत. तो कटला."

"जावईसुद्धा विणकराचाच मुलगा. तुम्हीच सांगितलंत."

"जावई गेला म्हणायचा हातचा," ते खिन्नपणे म्हणाले. "पण दाजी, हा दीपक तर दिवसभर मागांतच असतो. त्याला कसं माहीत नाही?"

आम्ही मालेगावात शिरलो. इथे यंत्रमागांची धडधड ऐकू येते, रस्त्यावरसुद्धा ओरडून बोलावं लागतं, असं मी ऐकून होतो. पण मोहल्ल्यामागून मोहल्ला शांत. पत्र्याच्या शेडची दारं ओढलेली, बाहेर सायकली टेकवलेल्या, स्वच्छ पांढरे कपडे घातलेली माणसं रस्त्याने चाललेली.

मी एका रिक्षावाल्याला विचारलं, "इथंही अमावास्येमुळे बंद का?"

"अमावास्या?" तो हसला. "चाचा, आज जुम्मा है. शुक्रवार. शुक्रवारला पूरा गाव बंद. बाकी दिवस रातदिन चालू."

"अमावास्येला?"

"अमावास्या काय, दिवाळी काय. मशीनला काय समजतं?"

बोरस्ते गाडीचं दार उघडं टाकून उभे होते. "कोणत्या प्रकरणात आहे?" त्यांनी मला विचारलं, जणू मी साक्षीदार होतो.

सातव्या. तिथे शिरसाठ दीपकला भेटायला जातो, आणि दीपक त्याला चहा देता देता म्हणतो, "आमच्याकडे शुक्रवार सोडला तर माग थांबत नाही साहेब." त्या वाक्यात 'साहेब'च्या आधी स्वल्पविराम घालावा की नाही, यावर मी सुधाशी वाद घातला होता. तिने स्वल्पविराम घालू दिला नव्हता. माणूस सहज बोलतोय, तिथे वाचक थांबायला नको, असं तिचं म्हणणं. तिला वाचकाने तिथे थांबायला खरोखरच नको होतं.

आम्ही एका हॉटेलात शेवभाजी आणि भाकरी मागवली. बोरस्त्यांनी भाकरी शेवभाजीत चुरली. मग म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी कितीतरी खून बघितले. ताईंनी एकही बघितला नाही. अन् ही बाई फोनवर मला विचारायची, 'साहेब, बरोबर आहे ना?' मी म्हणायचो, तपासात असं नसतं ताई, सोपं करून लिहा."

"ती काय म्हणायची?"

"म्हणायची, 'बरं.' अन् करायची तिचंच."

"घरीही तसंच होतं," मी म्हणालो.

तिथूनच मी केतकीला फोन केला. अमावास्या, शुक्रवार, विधवेचं वाक्य, सगळं क्रमाने सांगितलं. मग तिने कागद चाळल्याचा आवाज आला, आणि खोडरबर घासल्याचा.

"काका, दुसरं प्रकरण आहे तसं राहील," ती म्हणाली. "मग शेवट तुम्हीच लिहाल का?"

मी नाही म्हटलं. मला लिहिता येत नाही, फक्त तपासता येतं. अठरा प्रकरणं जशी आहेत तशी छापायची, आणि मागे एका पानावर माझ्या नावाने साध्या शब्दांत सांगायचं की खुनी कोण आणि ते कशावरून, असं ठरलं. दुसरा कोणी लेखक त्याला हात लावणार नाही.

चांदवडचा घाट चढताना बोरस्त्यांनी अचानक विचारलं, "पण दाजी, हेतू? मामानं त्याला लहानाचं मोठं करायला मदत केली, नोकरी लावली. मारलं का त्यानं?"

पुण्याला परतल्यावर मी अठराही प्रकरणं पुन्हा दोनदा वाचली, ओळीवर पट्टी ठेवून, मुद्रितं वाचतो तशी. बोरस्ते दर रविवारी फोन करून नवा हेतू सुचवतात. एकही बसत नाही. मागच्या पानाचा मजकूर मी प्रेसला पाठवला. त्यात हेतूबद्दल काही नाही.

खून दीपकने केला. कसा केला, तेही मला माहीत आहे. का केला, ते सुधाला माहीत होतं.